दमडीभाऊंचा शेरा

दमडीभाऊ नगरपालिकेत लेखापाल होते. हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ऑफिसनं ठेवलं होतं, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही या म्हणीवरून, आणि भाऊंना त्याचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटायचा. पेन्सिल चिमटीत धरता येईनाशी होईपर्यंत ते ती झिजवत. आलेल्या पाकिटाच्या पाठीवर कच्चे हिशेब मांडत. जाता जाता शेजारच्या खोलीतला पंखासुद्धा बंद करत, मग तिथं कुणी घाम पुसत बसलेलं का असेना. पुढं जे घडलं ते भाऊ आता स्वतःच चारचौघांत सांगतात, आणि सांगताना स्वतःला इतकं झोडपतात की ऐकणाऱ्यालाच मध्ये पडावंसं वाटतं. पण त्यात तिखटमीठ काही नाही.

सगळ्याचं मूळ होतं त्यांच्या घरचं स्वयंपाकघर.

तीन वर्षांपूर्वी ते स्वयंपाकघर नव्यानं केलं. ओटा उखडला, भिंतीतली ओल काढली, फरशी बदलली, आणि सगळं काम अंदाजापेक्षा चौदा हजारांनी कमी खर्चात झालं. हे सगळं केलं वहिनींनी. भाऊंच्या बायकोला ओळखीचे सगळेच वहिनी म्हणत. वहिनींनी तीन दुकानं फिरून एका मोठ्या बंगल्याच्या कामातून उरलेल्या फरश्या निम्म्या भावात मिळवल्या, गवंड्याशी रोज सकाळी दहा मिनिटं बोलून त्या दिवसाचं काम ठरवलं, आणि पाइप कुठून जातो ते भिंत बंद होण्याआधी कागदावर काढून ठेवलं. त्या चाळीस दिवसांत भाऊंनी एकच गोष्ट केली. त्यांनी नळ निवडला. तो आठव्या दिवसापासून गळायला लागला आणि वहिनींनी बदलून घेतला.

ऑफिसात चहाच्या वेळी मात्र भाऊ सांगू लागले, "आम्ही काम केलं, अंदाजापेक्षा चौदा हजार कमी." पहिले काही दिवस ते 'आम्ही' होतं. मग कधीतरी त्याचं 'मी' झालं. नक्की कोणत्या दिवशी झालं हे भाऊंना आजही आठवत नाही, पण कुणी टोकलं नाही एवढं आठवतं.

नगरपालिकेची इमारत दुमजली होती. खाली दगड, वर विटा, मध्ये लाकडी जिना. खाली दाखल्यांची खिडकी आणि लोकांना बसायला एक मोठी खोली. वर सभागृह, लेखा विभाग आणि दप्तरखाना, म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या फायलींचा डोंगर. छताच्या फळ्यांना डाग पडले होते, प्लास्टर सुटलं होतं, आणि विजेच्या तारांकडे तर बघायचीही सोय नव्हती. शेवटी नूतनीकरण करायचं ठरलं. नगरपालिकेच्या इंजिनिअरबाईंनी अंदाजपत्रक केलं. आकडा आला चोपन्न लाख.

नगराध्यक्षा मॅडम पूर्वी औषधांचं दुकान चालवायच्या, त्यामुळे शब्दही गोळ्यांसारखे मोजून द्यायची त्यांची सवय होती. त्यांनी भाऊंना बोलावलं.

"लेखापाल, घरचं काम तुम्ही अंदाजापेक्षा कमी पैशांत केलंत म्हणे."

हा तो क्षण. भाऊ म्हणतात, की देव माणसाला सुटायची एक खिडकी उघडून देतो, आणि माणूस तीच आतून कडी लावून बंद करतो. 'मॅडम, ते बायकोनं केलं,' एवढंच म्हणायचं होतं.

"हो, बघितलं थोडं लक्ष देऊन," भाऊ म्हणाले.

"मग इमारतीच्या खर्चावरही तुम्हीच लक्ष ठेवा."

संध्याकाळी त्यांनी घरी ही बातमी दिली. वहिनी कपड्यांच्या घड्या करत होत्या.

"तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"का, मी का नाही?"

"तसं नाही. बरं झालं." त्यांनी पुढचा शर्ट उचलला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ लाल पेन घेऊन अंदाजपत्रकावर बसले. पहिला बळी गेला 'छताच्या फळ्या काही ठिकाणी उघडून तुळयांची तपासणी' या साठ हजारांच्या कलमाचा. साठ वर्षं उभ्या असलेल्या इमारतीला साठ हजार देऊन 'तू उभी आहेस ना' असं विचारायचं, हे त्यांना पटेना. मग इकडचे तिकडचे मिळून चाळीस हजार. आणि मग ते शेवटच्या ओळीपाशी आले. 'अनपेक्षित खर्चासाठी राखीव, पाच लाख.'

भाऊंनी ती ओळ पट्टी लावून खोडली आणि समासात शेरा मारला, 'अनपेक्षित खर्च अपेक्षित धरणे योग्य नाही.'

लिहून झाल्यावर त्यांनी तो शेरा तीनदा वाचला. आपल्यात एवढं काही आहे हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं, असं त्यांना वाटलं.

इंजिनिअरबाई वयानं त्यांच्या निम्म्या होत्या. त्यांनी शेरा वाचला, एकदा भाऊंकडे पाहिलं. "भाऊ, जुनी इमारत आहे. आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तर ती ओळ असते."

"दिसत नाही त्याला पैसे कसे द्यायचे?"

"कापा मग. पण खाली सही तुमची करा."

भाऊंनी सही केली. खाली दोन रेघाही मारल्या.

सभेत अठ्ठेचाळीस लाखांना मंजुरी मिळाली. सहा लाख वाचवल्याबद्दल एका नगरसेवकानं भाऊंचं नाव घेऊन कौतुक केलं, तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला, आणि टाळ्या पडल्या. भाऊ हरभऱ्याच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसले.

काम सुरू होण्याआधी नगरपालिकेचा कारभार सहा महिन्यांसाठी बंद पडलेल्या सिनेमागृहात हलवला. भाड्यानं मिळण्यासारखी तेवढी मोठी जागा ती एकच होती. सभा पडद्यापुढच्या मंचावर, जन्म-मृत्यूचे दाखले जिन्याखाली, आणि लेखा विभाग तिकीटविक्रीच्या खिडकीत. भाऊ दिवसभर त्या अर्धगोल भोकातून बाहेर बघत बसायचे. लोक वाकून आत डोकावत आणि पाणीपट्टी भरत. एका म्हाताऱ्यानं पावती घेतल्यावर विचारलं, "बाल्कनीचं आहे ना?" भाऊंना हसू आलं नाही, कारण तेव्हा ते मोठे माणूस होते.

रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते कामावर चक्कर मारत. ठेकेदार शांत माणूस होता. भाऊ काहीही म्हणाले तरी त्याचं उत्तर ठरलेलं, "तुमची इच्छा." भाऊंना तो फार समंजस वाटला. बाहेरच्या भिंतीला परांची बांधली होती, तिचं भाडं दिवसाला नऊशे. रविवारी तर काम बंद. भाऊंच्या मनात चमक आली.

"शनिवारी संध्याकाळी परांची उतरवून परत करा. सोमवारी पुन्हा आणा. रविवारचं भाडं वाचेल."

ठेकेदारानं परांचीकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "तुमची इच्छा," तो म्हणाला.

पाच रविवार असे वाचले. सहाव्या आठवड्यात मजुरीचं बिल आलं. परांची उतरवून पुन्हा बांधायचे दर खेपेला अठ्ठावीसशे. नऊशे वाचवायला अठ्ठावीसशे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"तुम्ही बोलला का नाहीत?" भाऊंनी ठेकेदाराला विचारलं.

"बोललो की साहेब."

"काय बोललात?"

"तुमची इच्छा म्हणालो."

तिथून पुढं भाऊंना त्या दोन शब्दांची धास्ती बसली. पण तोवर उशीर झाला होता, कारण दुसऱ्याच दिवशी खालच्या मोठ्या खोलीच्या छताच्या फळ्या काढल्या.

सुतार वयस्कर होता, सगळे त्याला सुतारकाका म्हणत. तो शिडीवर चढला, वरच्या मजल्याला पेलणाऱ्या तुळईला त्यानं स्क्रूड्रायव्हर लावला आणि जरासा दाबला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. सुतारकाकांनी तो बाहेर काढला. मागोमाग भुगा भुरभुरत खाली आला आणि भाऊंच्या चष्म्यावर बसला.

"वाळवी," सुतारकाका म्हणाले. "जुनी आहे. खाऊन, पोट भरून निघूनसुद्धा गेली."

अकरा तुळयांपैकी सात तशाच निघाल्या. त्या सातांच्या वर दप्तरखाना होता, आणि दप्तरखान्याच्या शेजारी भाऊंची खुर्ची. एकवीस वर्षं आपण भुग्यावर बसून शहराचे हिशेब केले, हे लक्षात आल्यावर भाऊंना खाली बसावंसं वाटलं. पण बसायला जागा नव्हती.

"बदलायला किती?"

ठेकेदारानं बोटं मोजली. "साडेनऊ लाख. आणि दोन महिने जास्त."

राखीव रक्कम असती तर निम्मं तरी निभावलं असतं. तपासणी झाली असती तर हे काम सुरू होण्याआधीच कळलं असतं. दोन्ही ओळी त्यांनी पट्टी लावून खोडल्या होत्या.

मॅडमना लगेच सांगायला हवं होतं. भाऊंनी सांगितलं नाही. त्यांनी ठेकेदाराला आठ दिवस गप्प राहायला सांगितलं ("तुमची इच्छा") आणि अंदाजपत्रक घरी आणलं. जेवायच्या टेबलावर कागद पसरून, रंगाचे दोन हात कापून एक केला. खिडक्यांना नव्याऐवजी जुन्याच काचा. संडासात फरशी कमरेइतकीच. इथून वीस हजार, तिथून पस्तीस. नगरसेवकांच्या सभागृहाच्या सजावटीला हात लावायची तर छातीच नव्हती. साडेनऊ लाख म्हणजे विहीर, आणि भाऊ चमच्यानं पाणी ओतत होते. मग एक बऱ्यापैकी कलम सापडलं. 'मुख्य दाराशी उतार व कठडा, एक लाख वीस हजार.' त्यांनी त्यावर रेघ मारली.

वहिनी मागं उभ्या होत्या.

"हा उतार का कापला?"

"अगं, चार पायऱ्या तर आहेत. चढतात लोक."

वहिनी समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"आई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या पेन्शनला हयातीचा दाखला लागला होता. आठवतं?"

"हो. तू नेलं होतंस तिला."

"त्या चार पायऱ्या मी आणि एका अनोळखी बाईनं त्यांना खुर्चीसकट उचलून चढवल्या. दुसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. जिवंत आहोत हे सांगायला गेलेली बाई, तिथंच संपायची." त्यांनी कागद आपल्याकडे वळवला. "आई मला म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, तो वर कामात असेल."

भाऊ वरच होते. त्याच इमारतीत, त्याच वेळी, बहुतेक पेन्सिल झिजवत. आई येऊन गेली हे त्यांना संध्याकाळी कळलं होतं, आणि त्यांनी विचारलं होतं, दाखल्याची फी किती पडली.

वहिनींनी लाल रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "एवढं कापायची वेळ का आली?"

मग भाऊंनी सांगितलं. तुळया, वाळवी, राखीव रक्कम, शेरा. आणि बोलायला लागलेच होते, तर मॅडमनी आपल्यालाच हे काम का दिलं तेही सांगून टाकलं.

"म्हणजे स्वयंपाकघर तुम्ही केलंत," वहिनी म्हणाल्या.

"तसं म्हणालो खरा."

"तीन वर्षं?"

"चहाच्या वेळी फक्त."

"आणि नळ?"

"नळाचं नाही बोललो."

वहिनी हसल्या नाहीत. भाऊंना वाटत होतं त्या हसतील आणि विषय संपेल. त्या उठल्या, टेबलावरची भांडी विसळून पालथी घातली, हात पुसले. "मला वाईट वाटलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "चौदा हजारांचं नाही. तुम्हाला ते काम दिसलं होतं, म्हणून वाटलं. न दिसता बोलला असतात तर एवढं लागलं नसतं."

भाऊंनी टेबलावरचे कागद गोळा केले.

सकाळी वहिनीच म्हणाल्या, "रविवारी मला ती इमारत दाखवा."

रविवारी तिथं फक्त सुतारकाका होते, हत्यारांना धार लावत बसलेले. वहिनी तासभर फिरल्या. खालून तुळया पाहिल्या, वर जाऊन दप्तरखाना पाहिला, भिंतीवर हात ठेवून पाहिला. भाऊ मागून चालत होते आणि मधूनमधून माहिती देत होते, जी त्या ऐकत नव्हत्या. शेवटी त्या सुतारकाकांसमोर एका ठोकळ्यावर बसल्या.

"काका, हे घर तुमचं असतं तर काय केलं असतं?"

सुतारकाकांनी पटाशी बाजूला ठेवली. इतके दिवस त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "माझं असतं तर वर वजनच ठेवलं नसतं," ते म्हणाले. "एवढ्या फायली खाली आणल्या असत्या, दगडी जमिनीवर. सभेची माणसंही खालीच बसवली असती. मग सगळ्या सात बदलायला नकोत. चार बदलायच्या. बाकी तिघींना लोखंडी आधार दिला की हलक्या वापराला पुष्कळ."

"हे तुम्ही ठेकेदारांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि सात बदलल्या तर मलाच मजुरी जास्त होती."

सोमवारी भाऊ इंजिनिअरबाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकलं, चढून तुळया तपासल्या, गणित केलं. होय, होण्यासारखं होतं. खर्च साडेपाच लाख. अट एकच, वरच्या मजल्यावर गर्दी नको. चार-दोन टेबलं, बस.

"म्हणजे सभागृह खाली आणायचं," बाई म्हणाल्या. "त्याच्या सजावटीचे चार लाख वाचतील. लाकडी भिंती, फिरत्या खुर्च्या, झुंबर. पण ते नगरसेवकांना कोण सांगणार?"

भाऊंनी घरी येऊन आशेनं वहिनींकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," वहिनी म्हणाल्या. "मी फक्त विचारलं. सांगायचं तुम्हाला आहे."

आधी त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि फाइल मागवली. "'अनपेक्षित खर्च अपेक्षित धरणे योग्य नाही,'" त्यांनी वाचलं. "हे तुमचंच ना?"

"माझंच."

"वाक्य चांगलं आहे. आठ दिवस मला का सांगितलं नाहीत?"

"भीती वाटली."

"हे सभेत सांगा. असंच."

भाऊंनी खिशातून एक पाकीट काढलं. परांचीच्या पाच रविवारांपायी झालेल्या तोट्याचे साडेनऊ हजार त्यांनी स्वतःच्या पगारातून आणले होते. मॅडमनी पाकीट उघडलं नाही.

"हे कुठं जमा करू? मूर्खपणाच्या भरपाईसाठी आपल्याकडे लेखाशीर्ष नाही, हे तुम्हालाच माहीत असायला हवं."

सभा सिनेमागृहात होती, आणि तिथं खुर्च्या मुबलक असल्यानं लोकही मुबलक जमले. एरवी नगरपालिकेच्या सभेला चार माणसं यायची. त्या दिवशी भाऊ फजितीचा खेळ दाखवणार हे पसरलं असावं, कारण खालचा भाग भरला होता. वहिनी सातव्या रांगेत कडेला बसल्या होत्या.

भाऊंनी भाषण लिहून आणलं होतं. पहिलीच ओळ होती, 'बदलत्या परिस्थितीचा साकल्याने विचार करता.' ती वाचायला त्यांनी तोंड उघडलं आणि समोर शेकडो खुर्च्या दिसल्या, तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला.

"सहा लाख मी वाचवले नव्हते," ते म्हणाले. "ते मी फक्त कागदावरून पुसले होते. तपासणी मी कापली. राखीव रक्कम मी कापली. इंजिनिअरबाईंनी मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही. सात तुळया पोकळ निघाल्यावर आठ दिवस मी ते लपवलं. आणि हे काम मला ज्यामुळे मिळालं, ते आमचं स्वयंपाकघर, तेही मी केलेलं नाही. ते माझ्या बायकोनं केलं. मी नळ निवडला होता. तो गळत होता."

मागच्या रांगांतून हशा उठला आणि पुढं पुढं येत मंचापर्यंत पोचला. भाऊ थांबले. हसणं ओसरलं तेव्हा त्यांनी तुळयांचं नवं गणित सांगितलं, फळ्यावर आकडे लिहिले, आणि सभागृह खालच्या मोठ्या खोलीत हलवायचा प्रस्ताव मांडला.

सराफीचा धंदा असलेले एक नगरसेवक उभे राहिले. टाळ्यांच्या दिवशी भाऊंचं कौतुक करणारे हेच. "सभागृह ही शहराची शान असते. दाखल्याच्या रांगेत बसून आम्ही सभा घ्यायची?"

"रांगेत नाही साहेब," भाऊ म्हणाले. "रांगेसमोर."

"म्हणजे कुणीही उठून काहीही विचारणार."

"हो. ते होणार."

"आणि लेखापालांच्या चुकीची शिक्षा आम्हाला?"

भाऊंनाही हे पटलं. "शिक्षा मला द्या," ते म्हणाले. "पण सभागृहाचा भार त्या तुळईवर टाकू नका. ती एका स्क्रूड्रायव्हरलासुद्धा नाही म्हणाली नाही."

मतदान झालं. बाजूनं नऊ, विरुद्ध आठ. प्रस्ताव मंजूर झाला, आणि त्याच सभेत भाऊंच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद नोंदवायचंही ठरलं. ते मात्र एकमतानं.

काम आठ महिन्यांत संपलं. एकूण खर्च एकोणपन्नास लाख नव्वद हजार, म्हणजे मंजुरीपेक्षा एक लाख नव्वद हजार जास्त. त्यात सिनेमागृहाचं दोन महिन्यांचं जादा भाडं आलं. उतार झाला, कठड्यासकट. रंगाचे दोन हातही झाले. भाऊंनी एका दुपारी बसून आणखी एक हिशेब केला, जो कुणी मागितला नव्हता. इंजिनिअरबाईंचं मूळ पत्रक हात न लावता मंजूर झालं असतं, आणि तपासणी वेळेवर झाली असती, तर हेच काम साडेपन्नास लाखांत, न थांबता झालं असतं, मंजूर रकमेतले साडेतीन लाख उरले असते, आणि त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला असता. सगळं मिळून साठ हजार वाचले, ते ताकीद घेऊन. हा कागद त्यांनी इंजिनिअरबाईंना नेऊन दाखवला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "बेरीज बरोबर आहे."

खालच्या खोलीतल्या पहिल्याच सभेत, दिवाबत्तीच्या ठरावावर चर्चा चालू असताना, दाखल्यासाठी थांबलेल्या एका बाईनं हात वर केला आणि आपल्या गल्लीतला दिवा दीड वर्ष बंद असल्याचं सांगितलं. सराफांनी भाऊंकडे असं पाहिलं, की बघा, मी म्हणालो नव्हतो का. पण उत्तर त्यांनाच द्यावं लागलं, कारण गल्ली त्यांच्या वॉर्डात होती. लोकांदेखत सभा हल्ली पाऊण तासात आटपतात.

खरा बदल झाला तो भाऊंच्या घरी. त्या सिनेमागृहातल्या सभेनंतर लोक बाहेर पडत होते, तेव्हा दोन बायका वहिनींपाशी थांबल्या. एकीची गच्ची गळत होती, दुसरीला वरती एक खोली काढायची होती. "तुम्ही एकदा येऊन बघाल का?" त्यांनी विचारलं. वहिनी गेल्या. मग तिसरी आली. वर्षभरात वहिनींनी अकरा घरांच्या कामांवर देखरेख केली आणि त्याचे पैसे घेतले. पहिल्या घराचे घ्यायला त्या लाजत होत्या. भाऊ म्हणाले, "घे. फुकट काम केलं की ते दुसऱ्याच्या नावावर जातं." वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग त्या दिवशी, इतक्या महिन्यांनी, त्या हसल्या.

भाऊंना त्या कामांवर कसलाही निर्णय घ्यायची परवानगी नाही. रंग, फरशी, दारं, काहीही. एका घरी मालकिणीनं सहज त्यांचं मत विचारलं तर वहिनी शेजारच्या खोलीतून म्हणाल्या, "त्यांना विचारू नका." रविवारी मात्र त्या त्यांना सोबत नेतात. मापं घ्यायची असतात, आणि लांब भिंतीला माणूस लागतोच.

परवाच एका घरी गेले होते. वहिनी फीत उलगडत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. भाऊ कोपऱ्यात उकिडवे बसून शून्याचं टोक भिंतीला दाबून धरत होते.

"घट्ट धरलंय ना?" पलीकडून आवाज आला.

"धरलंय."

"सोडू नका. मी सांगेपर्यंत."

भाऊंचे गुडघे दुखत होते, आणि समोरच्या भिंतीचं घेतलेलं मापच इथं धरलं तर वाकावं लागणार नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तो विचार मनातच ठेवून त्यांनी टोक आणखी घट्ट दाबलं.